न्हावऱ्याची बाटली आणि वडगावची बुरशी

माझं लग्न जमवायचं चाललं होतं तेव्हा 'मुलगी काय शिकलीय?' असं कुणी विचारलं की वडील 'शेतीतलं एम.एस्सी.' एवढंच म्हणून चहाचा कप पुढे करत. त्यावरही कुणी खोदून विचारलंच, तर आई आतून सांगे, "झाडांची डॉक्टर आहे." खरं म्हणजे मी बुरशीत एम.एस्सी. केलं होतं. भाकरीवर दिसली की जी टाकून द्यायची, तिच्यावर कुणाचं पोट चालतं हे आमच्या नात्यागोत्यात कुणाला पटत नव्हतं. माझं मात्र चाललं. शिरूरच्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत सगळी नोकरी झाली आणि शिरूर-दौंडच्या पट्ट्यात 'बुरशीवाल्या मॅडम' या नावानं मी निवृत्त झाले. नातू शाळेत हे नाव मोठ्या अभिमानानं सांगतो. माझ्या सुनेला ते अजून जरा जड जातं.

काम सांगायला सोपं होतं. शेतकरी आजारी पान घेऊन यायचा, ते मी मायक्रोस्कोपखाली धरून रोग ओळखायचे आणि उपाय सांगायचे. पण आमच्याकडे येणाऱ्याला रोगाच्या नावाशी देणंघेणं नसतं. तो दारातूनच विचारतो, "मॅडम, काय मारू?" आमच्या भागात पिकाला औषध देत नाहीत, मारतात. बसा, पाणी घ्या, जरा बघू तर द्या, असं म्हणेपर्यंत त्याचा एक पाय मोटरसायकलवर असतो.

माणसं मात्र एकेक भेटली. कवठे येमाईच्या एका मावशींनी डाळिंब ओच्यात बांधून आणलं होतं. त्यावर डाग होता, पण त्या मला ते कापू देईनात. झाडाचं ते पहिलं फळ होतं आणि ते देवीला वाहायचं होतं. शेवटी मी वरवरचा डाग खरवडून काम भागवलं. दौंडचे एक निवृत्त रेल्वे ड्रायव्हर गॅलरीतल्या गुलाबाची पानं नेमानं घेऊन येत. "मॅडम, मागचा पेशंट बरा आहे, पण शेजारचा सिरियस झालाय." मी सांगितलेलं औषध ते घड्याळ लावून फवारत आणि पुढच्या खेपेला त्या गुलाबाचं एक फूल माझ्या टेबलावर ठेवून जात. इतका शिस्तीचा शेतकरी मला दुसरा मिळाला नाही, आणि त्यांच्याकडे शेत नव्हतं.

पण नोकरीतलं एकच प्रकरण सांगा म्हणाल, तर मी वडगाव रासाईच्या भिवाआप्पांचं सांगेन.

आप्पांचं घराणं मेंढरांचं. लहानपणी तेही बापाबरोबर कळप घेऊन रानोरान हिंडलेले. पुढे भीमेच्या काठी जमीन झाली, पाणी आलं, कळप सुटला आणि आप्पा काकडीत रमले. तारेवर चढवलेले वेल असे सरळ, की बघणाऱ्यानं ओळंब्यानं लावलेत म्हणावं. नदीकाठ असल्यानं हिवाळ्यात सकाळचं धुकं दाट आणि दव भरपूर. काकडीला ते मानवतं, पण केवडा नावाच्या रोगाला त्याहून जास्त मानवतं. पानावर वरून शिरांच्या मध्ये चौकोनी पिवळे डाग पडतात आणि पहाटेच्या दवात पान उलटून बघितलं, तर खाली राखाडी-जांभळी लव दिसते. आठवड्यात वेल भाजल्यासारखा होतो.

या केवड्यावर एक नवं औषध आलं होतं. निळ्या झाकणाची बाटली. ते नुसतं पानावर बसत नसे, पानात शिरत असे. न्हावऱ्याच्या एका दुकानात ती पहिल्यांदा मिळायला लागली आणि काकडीवाल्यांचे दिवस पालटले. एक फवारा मारला की वेल पुन्हा हिरवागार. आप्पा तर मला भेटले की तिचंच कौतुक करायचे. "मॅडम, तुमचा धंदा बसला बगा आता. बाटली हाय तवर तुमच्याकडं कोन येतंय?" मी हसायचे. मात्र "आप्पा, एकच औषध सारखं मारू नका, मधेच दुसरं घ्या," एवढं दरवेळी म्हणायचे. आप्पा व्हय म्हणायचे आणि आठवड्याच्या आठवड्याला निळं झाकण उघडायचे. गुण येतोय ते औषध बदलायचं कशाला? माणसाच्या दुखण्यातही आपण हेच करतो.

बाटली विकणारे न्हावऱ्याचे नामदेवतात्या हे आप्पांचे व्याही. आप्पांची धाकटी लेक सारिका तात्यांच्या घरी दिलेली. त्यामुळे बाटलीबरोबर लेकीची खुशालीही यायची, आणि बाटली संपायच्या आधीच आप्पा न्हावऱ्याला निघायचे.

एका हिवाळ्यात आप्पा प्रयोगशाळेत आले ते अख्खा वेल खांद्यावर टाकून. शिरूरच्या एसटी स्टँडवरून तसेच चालत आले होते. वेल टेबलावर आपटला. पानं कागदासारखी वाजली.

"मॅडम, व्याह्यानं गळा कापला."

"आप्पा, आधी बसा."

"बसत न्हाई. ही बाटली डुप्लिकेट हाय. एकदा मारली, फरक न्हाई. डबल डोस केला, तरी बी न्हाई. चारचौघांत तोंडावर म्हनलोय मी त्यास्नी, पाव्हणं, तुम्ही पान्यात रंग मिसळून इकताय. आता तुमी फकस्त कागदावर लिहून द्या."

पुढचं हळूहळू कळलं. तात्यांच्या दुकानासमोर, बाजारच्या दिवशी, गिऱ्हाइकांदेखत हे बोलणं झालं होतं. वडगावातल्या आणखी काहींच्या काकडीवरही तसंच घडलं होतं, त्यांनी आप्पांची री ओढली. तात्यांनी व्याह्याला दुकानाच्या पायरीवरून परत पाठवलं. आणि सारिका पोटुशी होती. पहिलं बाळंतपण, माहेरी आणायची वेळ झालेली. पण आप्पा म्हणत, त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. तात्या म्हणत, न्यायला आल्याशिवाय सून धाडणार नाही.

दुसऱ्या दिवशी तात्या आले. अंगानं जाड, बोलायला मृदू माणूस. त्या दिवशी बोलता बोलता त्यांचा आवाज फाटत होता. सीलबंद बाटली त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली.

"मॅडम, ह्याच खोक्यातली बाटली आप्पांनी नेली. माझी अब्रू ह्या बाटलीत हाय. तपासा. खोटी निघाली तर दुकानाला कुलूप घालतो."

मला बाटलीची शंका कमीच होती. आप्पांच्या 'डबल डोस'नं मला वेगळाच संशय आला होता. औषध खोटं असण्यापेक्षा एक वाईट गोष्ट असते, ती म्हणजे औषध खरं असूनही लागू न पडणं. पण हे मी तोंडानं सांगून कुणाला पटणार? 'मॅडम दुकानदाराच्या बाजूनं बोलतात' एवढंच गावात झालं असतं. डोळ्यांना दिसेल असा पुरावा हवा होता.

तो काढायची रीत साधी आहे. काकडीच्या निरोगी पानाच्या नाण्याएवढ्या चकत्या कापायच्या. काचेच्या बश्यांत औषधाचं पाणी घालून त्यावर त्या तरंगत ठेवायच्या आणि वरून रोगाचे बीजाणू शिंपडायचे. बीजाणू म्हणजे बुरशीचं बी, डोळ्यांना न दिसणारं. बुरशी मेली तर चकती हिरवी राहते, जगली तर तिच्यावर लव येते. पण नुसती आप्पांची बुरशी घेऊन भागणार नव्हतं. ती जगली असती, तर आप्पा म्हणाले असते, "बगा, बाटली खोटी!" मला अशीही बुरशी हवी होती, जिनं हे औषध कधीच पाहिलेलं नाही. तात्यांच्या बाटलीनं ती मेली, तर बाटली खरी ठरणार होती.

सकाळी दव असतानाच मी वडगावला जाऊन आप्पांच्या रानातली पानं आणली. पण न फवारलेली काकडी त्या सगळ्या पट्ट्यात सापडेना. ज्याला त्याला विचारलं, जो तो अभिमानानं सांगे, "आमी टायमाला मारतो, मॅडम." शेवटी तात्यांना विचारायला न्हावऱ्याला गेले, तेव्हा पडवीत बसलेली सारिका म्हणाली, "माझ्याकडं हाय."

घरामागं, न्हाणीच्या सांडपाण्यावर तिनं काकडीचा एक वेल लावला होता. बी वडलांकडून आणलेलं. औषध विकणाऱ्याच्या घरातला तो एकच वेल, ज्याला औषधाचा थेंब लागलेला नव्हता. "मला कच्चीच खायची सवय, मॅडम. त्यात हे असं," तिनं पोटाकडं हात केला, "म्हणून मी कुणाला फवारू देत न्हाई." खालच्या पानांवर केवडा होताच. मी पानं खुडत होते आणि ती माझ्याबरोबर एकेक पान पिशवीत ठेवत होती. एकदम थांबून म्हणाली, "मॅडम, बाटली खोटी निघाली तर माझा सासरा लबाड. खरी निघाली तर माझा बाप खोटा. तुमी काय बी शोधलं तरी माझ्याच पदरात पडणार हाय."

मी पिशवीचं तोंड बांधलं आणि निघाले. वाटेत स्कूटर चालवताना तिचं ते पिशवीत जपून पान ठेवणं सारखं डोळ्यांसमोर येत होतं.

दोन्हीकडची बुरशी मी तीन तऱ्हेच्या बश्यांत टाकली. काहींत तात्यांच्या बाटलीचं औषध, काहींत तेच औषध पण मी स्वतः पुण्याहून आणलेलं, आणि काहींत नुसतं पाणी. मग वाट बघायची. आमच्या धंद्यात वाट बघणं हेच मोठं काम. बुरशी आपल्या वेळेनं येते, साहेबांच्या वेळेनं येत नाही. त्या आठवड्यात आप्पांचे रोज फोन. तात्यांचा एकही नाही. आणि मला एक धाकधूक होती. न्हावऱ्याच्या वेलावर वडगावचीच बुरशी वाऱ्यानं येऊन बसली असेल तर? बुरशीला एसटीचं तिकीट लागत नाही. दोन्ही बुरश्या जगल्या असत्या, तर मला काहीच सांगता आलं नसतं.

निकाल लागला तेव्हा मी दोघांना एकाच वेळी बोलावलं, पण एकमेकांना न सांगता. तात्यांबरोबर सारिकाही आली. शिरूरला दवाखान्यात दाखवायचं होतं, असं तात्या म्हणाले. आप्पा आधीच येऊन बसले होते. लेकीला बघून उठले, तात्यांना बघून पुन्हा बसले. खोलीत खुर्च्या तीनच होत्या. तात्यांनी सुनेला बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले.

मी बश्या मांडल्या. "आप्पा, ही सारिकाच्या वेलावरची बुरशी. नुसत्या पाण्यात बघा."

"लव आलीया."

"आता तात्यांच्या बाटलीत."

आप्पांनी बशी उजेडाकडं धरली. फिरवली. पुन्हा धरली. "हिरवी हाय."

"म्हणजे बुरशी मेली. बाटलीतलं औषध खरं आहे."

तात्यांनी डोळे मिटले.

"आता ही तुमच्या रानातली. तात्यांच्या बाटलीत." आप्पांनी बघितलं. चकतीवर राखाडी लव माजली होती. "आणि हीच पुण्याच्या बाटलीत." तिथंही तशीच लव. मग मी आप्पांना मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितला. केवड्याची बुरशी त्यात भलती देखणी दिसते. पानाच्या छिद्रांतून बारीक झाडं उगवलेली आणि त्यांच्या फांद्यांच्या टोकांना लिंबं लागल्यासारखे बीजाणू. आप्पा बराच वेळ बघत राहिले.

"ही औषधात वाढलीया?"

"औषधात."

"म्हंजी तिला सवय झाली."

"नाही आप्पा, सवय नाही." हे मी आयुष्यात शेकडो लोकांना सांगितलं असेल. "तुमच्या रानात बुरशीचे कोट्यवधी बीजाणू. त्यांत एखादाच जन्मतः वेगळा, त्याला हे औषध लागूच पडत नाही. तो काही शिकून आलेला नसतो, नशिबानं तसा निघतो. एरवी त्या गर्दीत त्याला कोण विचारतं? पण आपण औषध मारलं, बाकीचे मेले, तो एकटा उरला. त्याला सगळं पान मोकळं. त्याची पिल्लावळ वाढली. पुन्हा तेच औषध मारलं, पुन्हा तीच पिल्लावळ उरली. दर आठवड्याला आपणच ती निवडून ठेवली. काही औषधांचा जोर असा हळूहळू कमी होतो. याचा जातो तो पुरताच जातो. मग डबल मारा, चौपट मारा, सारखंच."

आप्पा माझ्याकडं न बघता, खिडकीबाहेर बघत बोलू लागले. "माझ्या बापाच्या टायमाला मोठा दुष्काळ पडला हुता. गुबगुबीत मेंढरं पयली गेली. काटकुळी, चिवट तेवढी ऱ्हायली. पुढच्या साली कोकरं झाली, ती समदी चिवट. बा म्हनायचा, दुष्काळानं माझा कळप निवडला." ते थांबले. "म्हंजी ह्या बुरशीला दुष्काळ मीच पाडला."

"तुम्ही एकट्यानं नाही. सगळ्या वडगावनं."

"आन् बाटली मी दिली," भिंतीजवळून तात्या म्हणाले. "मागल तेवढी दिली. दुसरं औषध घ्या असं सांगाया पायजे हुतं."

"सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं व्हय?" आप्पा म्हणाले. त्या दिवशी तात्यांशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य. मग उठले, आपली खुर्ची सरकवली. "बसा, पाव्हणं. कवाधरनं हुबं हायसा."

तात्या बसले. आप्पा उभेच राहिले. माफी वगैरे शब्द आमच्याकडे व्याह्याव्याह्यांत चालत नाहीत. सारिका पदरानं डोळे पुसत होती आणि हसतही होती. मी बश्या आवरायचं निमित्त करून आतल्या खोलीत गेले.

पण माझं काम अजून संपलं नव्हतं, आणि पुढचं सांगणं जास्त अवघड होतं. मी बाहेर येऊन म्हटलं, "आप्पा, तो वेल उपटावा लागेल. सगळा."

"मॅडम, काकडी चालू हाय अजून. अर्ध्या वेलावर फळ हाय."

"फळ आहे तोवर बुरशीही आहे. तुमचं रान वाऱ्याच्या तोंडाशी आहे. रोज सकाळी तुमच्याकडून ती सगळ्या काठावर उडते. आणि ही बाटली या हंगामात कुणीच वापरायची नाही."

आप्पांनी तात्यांकडं पाहिलं. तात्यांच्या दुकानात बाटल्यांची खोकी भरलेली होती. तात्या म्हणाले, "तुमी वेल उपटा. मी बाटली फळीवरनं खाली उतरवतो. कुणी मागितली तरी काकडीला देणार न्हाई."

त्या आठवड्यात मी वडगावला गेले, तेव्हा बांधावर तात्यांची गाडी उभी होती. धोतर खोचलेले आप्पा आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले तात्या, दोघं तारेवरून वेल ओढून काढत होते. वेलाला काकड्या लटकत होत्या. हाताशी येतील त्या आप्पा खुडून बाजूला ठेवत, बाकीच्या वेलासकट खड्ड्यात जात. भरल्या वेलाला हात घालणं शेतकऱ्याला किती जड जातं, ते मी पाहिलंय. आप्पा एकेक वेल ओढताना त्याला काहीतरी पुटपुटत होते. काय, ते मी विचारलं नाही. तात्यांना सवय नव्हती, त्यांची दमछाक झाली होती, पण शेवटची सरी होईपर्यंत ते रानाबाहेर आले नाहीत. खड्ड्यावर माती ओढून झाल्यावर आप्पांनी विहिरीवर हातपाय धुतले, स्वच्छ टोपी घातली आणि तात्यांच्याच गाडीत बसून लेकीला आणायला न्हावऱ्याला गेले.

सगळं गाव काही लगेच शहाणं झालं नाही. काहींनी वेल उपटले, काहींनी 'मॅडमचं काय जातंय' म्हणून ठेवले. दुसरीकडून बाटली आणून मारणारेही निघाले, आणि त्यांचे वेल जळाले तेव्हा ते माझ्याकडे आले. पुढच्या हंगामात आम्ही सगळं जुन्या वळणावर नेलं. वेल विरळ लावायचे, म्हणजे वारा खेळतो. पाणी सकाळी द्यायचं, खालची पिवळी पानं काढून टाकायची. पानावर नुसतं बसणारं जुनं औषध आधी मारायचं आणि पानात शिरणारी औषधं आलटून-पालटून, मोजकीच. एक हंगाम काकडीला सुट्टी देऊन कांदा किंवा मका. काकडी पूर्वीएवढी निघाली नाही, पण निघाली. सारिकाला मुलगी झाली. बारशाला मला मानाचं पातळ मिळालं, व्याह्यांनी दोघांनी मिळून घेतलेलं. रंग दोघांनाही कळत नसावा. पण मी ते आवडीनं नेसले आहे.

खंत एकच राहिली. निळ्या झाकणाच्या त्या औषधाला नदीकाठच्या काकडीवर पुन्हा पहिल्यासारखा गुण आला नाही. मधे काही वर्षं थांबून मी पुन्हा बश्या लावून पाहिल्या. लव आलीच. असं औषध सापडायला कुणाची तरी उभी हयात गेलेली असते, आणि ते आम्ही दोन-चार हिवाळ्यांत उधळलं. जपून वापरलं असतं, तर आजही कामाला आलं असतं. नोकरीत माझ्या हातून बरीच पिकं वाचली. हे औषध काही वाचलं नाही.

निवृत्तीनंतर गेल्या वर्षी वडगावच्या मंडळींनी एका मेळाव्याला बोलावलं. मी मागच्या रांगेत बसले होते. एका कंपनीचे प्रतिनिधी नव्या औषधाची माहिती देत होते. पडद्यावर हिरवीगार काकडी, टेबलावर विक्रीच्या बाटल्यांची रांग. "या औषधापुढं केवडा टिकूच शकत नाही," ते म्हणाले, "मारा आणि निर्धास्त राहा." लोकांत चुळबुळ झाली. आप्पा आता खूप थकलेत, काठी टेकत उठले.

"साहेब, औषध चांगलंच असंल. एक इचारू का?"

"विचारा ना, आजोबा."

"ह्ये बंद कवा करायचं?"

"म्हणजे?"

"म्हंजी कितींदा मारायचं, आन् मग किती दिस त्याला हात लावायचा न्हाई? मधी दुसरं कोणतं घ्यायचं? ते आधी सांगा. चालू कसं करायचं, ते आमाला येतंय."

साहेबांनी हातातले कागद चाळले. पुन्हा चाळले. मग म्हणाले, "विचारून सांगतो."

"सावकाश इचारा," आप्पा खाली बसत म्हणाले. "तवर आमी थांबतो."

आणि सगळी सभा थांबली. एकानंही पुढं होऊन बाटली घेतली नाही.